पंपातलं पाणी आणि संगणकातलं पाणी

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि 'तुझ्या कामाविषयी बोल' असा विषय दिला आहे. माझं काम एका वाक्यात सांगते. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या आत पाणी उकळतं का, उकळत असेल तर नेमकं कुठे आणि किती, हे संगणकावर गणित मांडून शोधणं. या उकळण्याला आमच्या धंद्यात 'कॅव्हिटेशन' म्हणतात. गेली एकवीस वर्षं मी हेच करते आहे.

विषय रुक्ष वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. आपल्या बॅचमधल्या कितीतरी जणांचं घर आजही नदीवरच्या नाहीतर विहिरीवरच्या मोटरीवर चालतं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांमुळे कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने माळावर चढलं, ते पंपांच्याच जोरावर. आणि तुमच्यापैकी अनेकांनी फिटरच्या हातात असा इंपेलर पाहिला असेल, की ज्याची पाती चाळणीसारखी झाली आहेत. फिटर म्हणतो पाण्यात गाळ फार, दुकानदार म्हणतो तुम्ही पंप नीट चालवत नाही, आणि शेतकरी नवीन इंपेलरचे पैसे मोजतो.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. पंप पाणी व्यवस्थित देत असतानाच आतून खाल्ला जात असू शकतो. ते धारेवरून कळत नाही, बऱ्याचदा कानालाही कळत नाही. संगणकाला ते आधी दिसू शकतं, पण त्याला नदीवरची खरी मापं दिली तरच.

सुरुवात एका गैरसमजापासून करू. आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. पंप पाणी ओढत नाही. पाण्याला दोरीसारखं ओढता येत नाही. पंप फक्त स्वतःच्या तोंडाशी दाब कमी करतो आणि नदीच्या पृष्ठभागावर बसलेली हवा पाण्याला पाइपात ढकलते. उसाच्या रसवंतीत स्ट्रॉने रस पिताना हेच होतं. त्यामुळे पाणी किती उंच चढेल हे पंपाच्या अश्वशक्तीवर नाही, हवेच्या वजनावर ठरतं. शोषपंप सुमारे दहा मीटरच्या वर पाणी आणू शकत नाही, याची नोंद गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात आहे. त्यामागचं कारण हवेचं वजन, हे थोड्याच वर्षांत त्याचा शिष्य टॉरिसेलीने दाखवून दिलं.

समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याच्या १०.३ मीटर उंच स्तंभाइतका असतो. सांगलीच्या आसपास, सुमारे ५५० मीटर उंचीवर, तो ९.७ मीटर भरतो. महाबळेश्वरला गेलात तर ८.८ मीटर. ही झाली आपल्या खात्यावरची जमा. पाइपातून पाणी वर चढवण्यात, पाइपाच्या घर्षणात आणि बेंड-व्हॉल्व्हमध्ये जे खर्च होतं ते यातूनच वजा होतं. पंपाच्या तोंडाशी जे उरतं, तेवढ्यावर पुढचा सगळा खेळ.

आता उकळण्याकडे वळू. आपल्या विज्ञानाच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही आठवीत चंबूत पाणी उकळून, बूच लावून, चंबू उलटा करून त्यावर गार पाणी ओतलं होतंत. आच बंद होती तरी आतलं पाणी पुन्हा उकळायला लागलं. गार पाण्याने आतली वाफ थिजली, दाब कमी झाला, आणि दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाही उकळतं. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तेही यामुळेच. हीच वाट पुढे नेली तर ३० अंशांचं, म्हणजे आपल्या नदीचं साधं पाणीसुद्धा उकळतं. त्यासाठी दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे चोविसाव्या हिश्श्यापर्यंत खाली यावा लागतो. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर साधारण ०.४ मीटर.

असा कमी दाब पंपात एका विशिष्ट जागी तयार होतो. पाणी इंपेलरच्या मधल्या तोंडातून आत शिरतं आणि फिरत्या पात्याच्या पुढच्या कडेला वळसा घालून पात्यांमधल्या वाटेला लागतं. त्या वळशावर त्याचा वेग अचानक वाढतो आणि दाब खाली जातो. दाब पुरेसा खाली गेला की तिथे वाफेचे बुडबुडे फुटतात. पाण्याबरोबर ते पात्यावरून पुढे वाहतात, आणि पुढे दाब वाढत जातो, कारण दाब वाढवणं हेच तर पंपाचं काम. तिथे वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि बुडबुडा मिटतो.

'मिटतो' हा शब्द फार सौम्य झाला. हवेच्या साध्या दाबाखाली एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा मिटायला एका सेकंदाचा सुमारे अकरा हजारावा भाग लागतो. सगळ्या बाजूंचं पाणी त्या रिकाम्या जागेवर धावून येतं. बुडबुडा पात्याला लागून असेल तर तो गोल राहून मिटत नाही. त्याच्या एका बाजूने पाण्याची सुईसारखी धार आत घुसते आणि पात्यावर आपटते. तिचा वेग सेकंदाला शंभर मीटर धरला, तर आघाताच्या क्षणी त्या टिचभरही नसलेल्या जागेवर हवेच्या दाबाच्या सुमारे पंधराशे पट दाब येतो. एका आघाताने काही होत नाही. पण दर सेकंदाला असे हजारो आघात होतात, महिनोन्महिने. धातू थकतो, त्याचे कण सुटायला लागतात, आणि पातं स्पंजासारखं सच्छिद्र होतं.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. पंपाने 'हवा धरली' असं आपण म्हणतो, ते वेगळं. सक्शनच्या सांध्यातून किंवा ग्लँडमधून बाहेरची हवा आत आली, तर पंप पाणी सोडतो, धार तुटते. पण हवेचा बुडबुडा दाब वाढल्यावर नाहीसा होत नाही, तो नुसता आक्रसतो. वाफेचा बुडबुडा मात्र क्षणात शून्य होतो, आणि घाव त्या शून्य होण्याचा असतो.

हा घाव माणसाने पहिल्यांदा ओळखला तो पंपात नव्हे, जहाजाच्या पंख्यावर. इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सने १८९४ साली 'टर्बिनिया' नावाची वाफेच्या टर्बाइनवर चालणारी नौका पाण्यात उतरवली. यंत्र जोरदार होतं, पण नौका अपेक्षित वेग घेईना. पंखा इतक्या वेगाने फिरत होता की तो पाण्याऐवजी वाफेच्या पोकळीत फिरत होता. पार्सन्सने काचेच्या खिडक्यांची एक छोटी टाकी केली, त्यात दोन इंची पंखा बसवला आणि बुडबुडे लवकर यावेत म्हणून पाणी जवळजवळ उकळीपर्यंत तापवलं. लुकलुकत्या प्रकाशात त्याने पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन पंखे, असे नऊ पंखे लावले. १८९७ साली राणीच्या आरमारी संचलनात 'टर्बिनिया' ३४ नॉटच्या वर धावली. पुढे १९१७ साली लॉर्ड रॅलेने बुडबुडा मिटण्याचं गणित मांडलं. मघाशी सांगितलेला अकरा हजारावा भाग त्याच्याच सूत्रातून येतो. आमच्या आजच्या संगणकी प्रारूपांच्या मुळाशीही तेच सूत्र आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पंपाच्या कॅटलॉगमध्ये एक आकडा असतो, एनपीएसएच. सोप्या भाषेत, पंपाच्या तोंडाशी पाणी उकळण्यापासून किती दूर असायला हवं, याचं मीटरमधलं माप. मी त्याला 'शिल्लक' म्हणते. पंपाला लागणारी शिल्लक कंपनी सांगते. जागेवर असलेली शिल्लक आपण काढायची. असलेली शिल्लक लागणाऱ्यापेक्षा जास्त असली की पंप निर्धोक, असं सगळे धरून चालतात.

पण कंपनी हा आकडा कसा ठरवते ते पाहा. चाचणीत पंप एका ठरावीक प्रवाहावर चालवतात आणि सक्शनचा दाब हळूहळू कमी करत नेतात. सुरुवातीला काहीच फरक पडत नाही. मग एका टप्प्याला पंपाचा हेड, म्हणजे पाणी चढवण्याची उंची, तीन टक्क्यांनी घसरते. त्या क्षणीची शिल्लक म्हणजे कॅटलॉगमधला आकडा. म्हणजे तो आकडा बुडबुडे सुरू होण्याचा नाही. बुडबुडे इतके माजले की पात्यांमधली वाट अडायला लागली, त्या क्षणाचा आहे. पहिला बुडबुडा त्याच्या बराच आधी आलेला असतो, कित्येकदा दुप्पट-तिप्पट शिल्लक असतानाच. आपल्या भाषेत सांगायचं तर तीन टक्क्यांचा आकडा म्हणजे पस्तीस मार्कांची पासिंग. पास झालेल्या मुलाला विषय येतो असं आपले गणिताचे सर कधी म्हणाले नाहीत.

आवाजावरही विसंबू नका. पंपात खडी घातल्यासारखा खडखडाट झाला तर कॅव्हिटेशन आहे हे बहुतेक खरं. पण हा आवाज सर्वांत जास्त असतो तो पंपाची घसरण सुरू होण्याच्या आधी. वाफ आणखी वाढली की तिचीच गादी तयार होते आणि आवाज उलट कमी होऊ शकतो. आवाज थांबला म्हणजे बरं वाटायला लागलं, असा अर्थ काढू नये.

संगणकाचा उपयोग इथे सुरू होतो. पोलादी केसिंगच्या आत काय चाललंय ते दिसत नाही. प्रयोगशाळेत पारदर्शक केसिंगचा पंप करता येतो, पण प्रत्येक नमुन्याला तो खर्च परवडत नाही. म्हणून आम्ही पंपातली पाण्याची जागा संगणकात तयार करतो आणि तिचे बारीक तुकडे पाडतो, एका पंपाला तीस ते पन्नास लाख. पात्याच्या पुढच्या कडेला हे तुकडे केसापेक्षा बारीक करावे लागतात, कारण सगळं नाट्य तिथेच घडतं. प्रत्येक तुकड्यात किती पाणी आलं, किती गेलं, दाब किती, वेग किती, आणि त्यातला किती हिस्सा वाफ झाला, याचा जमाखर्च संगणक जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा मांडतो. मग चाचणीसारखाच सक्शनचा दाब पायरीपायरीने उतरवायचा आणि प्रत्येक पायरीला पात्यावर वाफेचा डाग किती पसरला ते पाहायचं.

एक नेहमी दिसणारं चित्र सांगते, आकडे उदाहरणादाखल घ्या. पंप ४० मीटर हेडचा आहे. शिल्लक ६ मीटर असताना पात्याच्या कडेला वाफेची एक बारीक रेघ उमटते. ५ मीटरला रेघेची पट्टी होते. ४ मीटरला पट्टी पात्याच्या लांबीचा चांगला हिस्सा व्यापते, आणि हेड अजूनही ४० मीटरच असतो. ३ मीटरला हेड ३८.८ वर येतो, म्हणजे तीन टक्के घसरण. कॅटलॉगमध्ये ३ मीटर छापलं जातं. सहापासून तीनपर्यंतचा जो पट्टा आहे, तिथे पंप पूर्ण पाणी देतो आणि पात्यावर आघात होत राहतात. धारेकडे पाहून हा पट्टा दिसत नाही. संगणकात दिसतो.

आता संगणकाला काय कळत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. माझ्या धंद्यातले लोक रंगीत चित्रं दाखवून भारावून टाकतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

एक, संगणक एकेक बुडबुडा मोजत नाही. १४५० फेऱ्यांचा पंप एक अंश फिरायला जेवढा वेळ घेतो, त्याहून कमी वेळात एक मिलिमीटरचा बुडबुडा मिटून गेलेला असतो. आम्ही एका अंशाची एक पायरी धरून दहा फेरे मोजतो. खऱ्या पंपाचं ते अर्ध्या सेकंदाहूनही कमी आयुष्य, आणि त्यासाठी यंत्र कित्येक तास, कधी कित्येक दिवस चालतं. तेव्हा बुडबुडे मोजणं सोडून आम्ही वाफेचा हिस्सा मोजतो. तांदळाचे दाणे न मोजता पायली मोजावी तसं.

दोन, वाफ किती झपाट्याने होते आणि किती झपाट्याने पुन्हा पाणी होते, यासाठी प्रारूपात गुणक घालावे लागतात. २००४ साली झ्वार्ट, गर्बर आणि बेलाम्री यांनी मांडलेलं प्रारूप आज जगभर वापरात आहे. त्यात वाफ होण्यासाठी ५० आणि वाफ थिजण्यासाठी ०.०१ हे गुणक आहेत. ते निसर्गाचे स्थिरांक नाहीत, प्रयोगांशी मेळ बसावा म्हणून निवडलेले आहेत. त्यामुळे आधी प्रयोगशाळेत तपासलेल्या पंपाशी गणित जुळवून पाहिल्याशिवाय नव्या पंपावरचा निष्कर्ष मी कुणाच्या हाती देत नाही.

तीन, वाफ कुठे मिटते हे संगणक सांगतो, पण त्या जागी धातू किती महिन्यांत झिजेल हे खात्रीने सांगत नाही. ते धातूवर, पाण्यावर आणि पंप किती तास चालतो यावर अवलंबून असतं.

चार, बुडबुड्यांचा डाग एका जागी स्वस्थ बसत नाही. तो एका पात्यावरून दुसऱ्या पात्यावर सरकत राहू शकतो आणि पात्याला झोके देतो. जपानचं एच-टू रॉकेट १५ नोव्हेंबर १९९९ रोजी असंच गमावलं गेलं. इंजिनाला द्रव हायड्रोजन देणारा पंप मिनिटाला ४० हजारांहून अधिक फेरे घेत होता. त्याच्या सुरुवातीच्या पात्यांवर सरकतं कॅव्हिटेशन झालं, पातं थकून तुटलं आणि इंजिन बंद पडलं. जपानी लोकांनी सुमारे तीन हजार मीटर खोल समुद्रतळावरून ते इंजिन शोधून वर काढलं आणि तुटलेली कड तपासली. म्हणून महत्त्वाच्या पंपासाठी थांबलेलं चित्र पुरत नाही, वेळेबरोबर हलणारं गणितच करावं लागतं.

आणि पाच, सगळ्यांत महत्त्वाचं. संगणकाला नदी माहीत नाही. आपण जो सक्शनचा दाब भरतो, तोच तो खरा मानतो.

एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचं प्रकरण सांगते. तिचं नाव मी घेणार नाही. नदीकाठावरचा त्यांचा पंप दर दोन हंगामांनी इंपेलर खात होता. सभासदांची पट्टी वाढवायची वेळ आली होती आणि दोन लहान शेतकऱ्यांनी पाणी सोडून द्यायची तयारी केली होती. कागदावर पंप बरोबर होता. हवेचे ९.७ मीटर, त्यातून उकळीचे ०.४ वजा, पाणी चढवायचे ४ वजा, पाइपाचं घर्षण १.५ वजा. उरले ३.८ मीटर. कॅटलॉग म्हणतो ३ पुरेत. पास.

आम्ही आधी जुना इंपेलर मागवला. गाळाने झिजलेला धातू गुळगुळीत असतो, त्यावर वाहत्या पाण्याच्या दिशेने चकचकीत लाटा उठतात, आणि झीज सगळीकडे असते. इथे तसं नव्हतं. प्रत्येक पात्यावर, पुढच्या कडेपासून थोडं मागे, एकाच जागी खरखरीत खड्डे होते. मग संगणकात तोच पंप ३.८ मीटरवर चालवला. वाफेची पट्टी कडेला सुरू होऊन जिथे संपत होती, तिथेच खड्डे. खड्डा असतो तिथे बुडबुडा मेलेला असतो, तो जन्मतो थोडा अलीकडे. फिटर खड्ड्याच्या जागी धातू चढवत होता, आणि कारण दोन बोटं पुढे होतं.

मग साधा प्रश्न विचारला की हे ४ मीटर कधी मोजले? दिवाळीनंतर, नदी भरलेली असताना. मे महिन्यात पाणी आणखी दोन मीटर खाली जातं. म्हणजे शिल्लक ३.८ नाही, १.८. उन्हाळ्यात पाणी कमी पडतं ही तक्रार होतीच, सगळे नदीला दोष देत होते. हिवाळ्यात पंप गुपचूप खाल्ला जात होता, उन्हाळ्यात उघडपणे.

मग पंप खाली का बसवला नाही? हे आपल्या भागात कुणी विचारणार नाही. २००५ आणि २०१९ चे महापूर आपण सगळ्यांनी पाहिलेत. मोटर पाण्यात जाऊ नये म्हणून पंप वर, आणि उन्हाळ्यात पाणी खाली, या कात्रीत कृष्णाकाठचा प्रत्येक पंप सापडलेला आहे. त्यावर एकच उत्तर नाही. उभ्या पंपाचा इंपेलर पाण्यात आणि मोटर वर ठेवता येते, पण ते महाग पडतं. या संस्थेने दोन गोष्टी केल्या. आठ इंची सक्शन पाइपाऐवजी दहा इंची टाकला. तेवढ्याच प्रवाहाला पाइपाचा व्यास सव्वापट केला की घर्षण जवळजवळ एक-तृतीयांशावर येतं, म्हणजे १.५ मीटरचं अर्धा मीटर. आणि पंप रुळावरच्या गाड्यावर बसवला, पावसाळ्यात वर आणि उन्हाळ्यात दोन मीटर खाली. मेमधली शिल्लक १.८ वरून ४.८ झाली. संगणकाने सांगितलं की बारीक रेघ राहील, पण मोठी पट्टी जाईल. पुढच्या उन्हाळ्यानंतर पंप उघडला तेव्हा पात्यांवर मिसरुडाएवढा खरखरीतपणा होता, खड्डे नव्हते.

यात संगणकाचा वाटा किती? निदान त्याने केलं आणि कोणत्या उपायाने किती फरक पडेल ते खर्च करायच्या आधी सांगितलं. पण मे महिन्यात काठी घेऊन नदीत उतरून पाणी मोजणारा त्या संस्थेचा पाटकरी नसता, तर माझ्या पन्नास लाख तुकड्यांनी ३.८ मीटरचंच सुंदर चित्र काढून दिलं असतं.

शेवटी शेती करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी चार गोष्टी. सक्शन पाइप आखूड आणि रुंद ठेवा, डिलिव्हरीपेक्षा एक साइज मोठा. फूटव्हॉल्व्हची, ज्याला आपल्याकडे काही जण 'फुटबॉल' म्हणतात, त्याची जाळी वरचेवर साफ करा, कारण गाळाने बुजलेली जाळी शिल्लक खाते. पंपाच्या तोंडाला लागूनच बेंड घेऊ नका, आधी थोडा सरळ पाइप ठेवा, नाहीतर पाणी तिरकं शिरतं. आणि पाणी कमी करायचं असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळा, सक्शनचा कधीही नाही. उलट डिलिव्हरी पूर्ण मोकळी सोडून पंपाला वाजवीपेक्षा जास्त पाणी द्यायला लावलं, तरी लागणारी शिल्लक वाढते, हेही ध्यानात असू द्या.

गुरुजनांना एवढंच सांगते. दाब, घनता, उत्कलनबिंदू हे शब्द मी इंजिनिअरिंगला गेल्यावर शिकले नाही, इथेच मराठीत शिकले. पाणीपुरवठा संस्थेच्या सभासदांना मी वरचं सगळं याच शब्दांत समजावलं आणि त्यांना ते लगेच समजलं, कारण तेही अशाच शाळांतून शिकले होते.

उद्या सकाळी चहाच्या वेळी मी जुन्या प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. ज्यांना आपल्या पंपाची शिल्लक काढून हवी असेल त्यांनी चार मापं कागदावर लिहून आणावीत. मे महिन्यात पाण्यापासून पंपापर्यंत उंची किती, सक्शन पाइप किती इंची आणि किती लांब, वाटेत बेंड किती, आणि पंपाच्या पाटीवर काय लिहिलंय. संगणक घरी ठेवून आले आहे, पण एवढ्या हिशोबाला वही-पेन पुरतं.